अस्तरावरचा मासा

चैत्र तापला की मला राग येतो. बाकीच्यांच्या अंगावर घामोळं उठतं, माझ्या अंगात राग उठतो, आणि तोही खाजवावा तसा वाढत जातो.

आज सकाळी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी प्लास्टिकचा कागद अंथरला, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि कुरडया घालायला घेतल्या. शिजलेल्या गव्हाच्या चिकाचा तो किंचित आंबूस, कोमट वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. मी कपबशा जरा जोरातच आपटल्या असाव्यात, कारण बाहेरून आमच्या यजमानांचा आवाज आला, "वाळवणं सुरू झाली वाटतं." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा हा ऋतू त्यांना पाठ झालाय.

माझ्या रागाचं घर डोंबिवलीतच होतं. बैठं, कौलारू, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. मागच्या दारी विहीर, विहिरीपलीकडे शेतं. चैत्रात शेतकरी पालापाचोळा पसरून राब भाजत, त्याचा धूर दिवसभर जमिनीलगत रेंगाळे आणि जळक्या पानांची काळी फुलं उडत येऊन आमच्या पांढऱ्या पापड्यांवर बसत. ती टिपायची कामगिरी नानाकाकांची. नानाकाका माझे चुलतसासरे, अविवाहित, उंच, सडसडीत. आंब्याखाली खुर्ची टाकून बसायचे, हातात काठी. कावळा आला की काठी उचलत, राख आली की उठून चिमटीत धरून ती अलगद बाजूला ठेवत. राखसुद्धा फेकत नसत हो ते. माझा राग तिथूनच सुरू होतो. माणसानं इतकं अलगद असू नये.

नानाकाका जपानात होते. कोबे बंदरात मुंबईच्या एका शेठजींची पेढी होती, तिथे रेशमाचे तागे तपासायचं काम त्यांनी ऐन तारुण्यात धरलं आणि युद्ध संपून सगळं जळून गेल्यावर एका ट्रंकेसह परत आले. जपानातून परतलेला माणूस म्हणजे मोती आणणार, घड्याळं आणणार, निदान चिनीमातीचा एखादा सेट तरी, अशी घरादाराची खात्री होती. ट्रंकेतून निघाला एक काळा डगला.

मी लग्न होऊन त्या घरात आले त्या पहिल्याच चैत्रात तो पाहिला. ट्रंकेतले कपडे वर्षातून एकदा सावलीत वारा द्यायला काढायचे, तसा तो काढला होता. गुडघ्याच्या जरा वर येईल इतका लांब, रुंद बाह्यांचा, बटणं नाहीत, पुढे बांधायला फक्त एक गोफ. हाओरी म्हणतात त्याला, असं नानाकाका म्हणाले. आम्ही डगलाच म्हटलं. कापडावर फूल नाही, पान नाही, पावसाळी आभाळासारखा काळा.

माझ्या सासूबाई, म्हणजे माई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "शुभकार्याला काळं चालत नाही आणि अशुभाला रेशीम चालत नाही. भाऊजी, हा घालायचा तरी कधी?"

नानाकाका हसले आणि त्यांनी डगला उघडून दोरीवर पालथा टाकला.

काय सांगू. आत अख्खा धबधबा होता. पाठीच्या अस्तरावर वरपासून खालपर्यंत निळं-राखाडी पाणी कोसळत होतं आणि त्या पाण्यातून एक भलाथोरला मासा वर चढत होता. शेपूट कमरेशी, धड वळसा घेऊन वर, आणि डोकं उजव्या खांद्यामागे, तोंड उघडं, डोळा असा की आपण काहीतरी चोरून खाताना त्यानं पाहिलंय. एकेका खवल्याभोवती केसाएवढी पांढरी रेघ.

आमचं घर मासे खाणारं. पहिला शब्द माईंचाच उमटला, "जिताडा."

"छे, रावस आहे," माझे यजमान म्हणाले.

"रावसाला मिशा असतात का रे? डोळे फुटले का तुझे?"

"जिताड्याला तरी कुठे असतात, आई?"

नानाकाकांनी शांतपणे सांगितलं की हा गोड्या पाण्यातला मासा, धबधबा चढून जातो म्हणून तिकडे मुलग्यांसाठी शुभ मानतात. माईंनी ते ऐकून घेतलं, आणि मग त्यांच्या मनात जे आलं ते आमच्या सगळ्यांच्याच मनात होतं. "एवढं सुंदर चित्र, आणि आत? दिसणार कोणाला?"

"कोणालाच नाही, वहिनी. घरी आलेल्या पाहुण्याचा डगला जो घरधनी खांद्यावरून उतरवून घेतो, त्याला क्षणभर."

फार पूर्वी तिथल्या सरकारनं व्यापाऱ्यांना भपका करायची बंदी घातली होती म्हणे. मग त्यांनी वरून साधं घालायला सुरुवात केली आणि सगळा भपका आत नेला. बंदी गेली, पण सवय राहिली. पुरुषाचं वरचं रेशीम काळं नाहीतर करडं, आणि पाठीशी कोणाच्या वाघ, कोणाच्या पाइनवरचा बर्फ, कोणाच्या नावाडी. माईंना हे अजिबात पटलं नाही. "म्हणजे मिरवायचं, पण आतल्या आत. हे कसलं मिरवणं?"

मी हसले होते तेव्हा. आता वाटतं, सगळं तिथेच ठरून गेलं होतं. आपल्या लोकांना आत ठेवलेलं चांगलं काही सहनच होत नाही. ते बाहेर काढून, उजेडात धरून, पाहुण्यांना दाखवल्याशिवाय आपल्या जिवाला चैन पडत नाही. आमच्या हल्लीच्या शेजारणीनं काचेच्या कपाटात सासऱ्यांची मानपत्रं लावलीत आणि वर एक बल्ब सोडलाय. जेवताना सासरे त्या बल्बकडे पाठ करून बसतात.

दुपारी सोऱ्यातून कुरडया पडत असताना नानाकाका ते चित्र कसं काढतात ते सांगत. चिकट तांदळाची खळ करायची, त्यात कोंडा, मीठ, थोडा चुना. तेल पाजलेल्या कागदाची सुरळी, तिला पितळेचं बारीक टोक. त्यातून खळीची धार सोडत खवल्याची कड आखायची. वाळली की कडेच्या आत कुंचल्यानं रंग भरायचा, रंग खळीपलीकडे जात नाही. मग वाफ द्यायची आणि कापड वाहत्या पाण्यात सोडायचं. खळ सुटून जाते आणि तिच्याखालची जागा पांढरी उरते. ती रेघ.

"म्हणजे एवढा चीक शिजवायचा आणि धुऊन टाकायचा?" सोऱ्या फिरवणाऱ्या माईंना नुकसानच दिसलं.

"धुवायचाच. तो नुसता राखणीला असतो."

वरचं काळं तर चिखलातलं. रेशमाचं सूत विणायच्या आधी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचं, मग भातखाचरातल्या चिखलात, पुन्हा काढा, पुन्हा चिखल. चिखलातल्या लोखंडानं ते काळं होत जातं. मी विहिरीपलीकडच्या भेगाळलेल्या खाचरांकडे पाहायची. इतकी वर्षं आपण त्यात फक्त भात लावला, असं मनात येई. आता ती खाचरं नाहीत. मानपाड्याच्या बाजूला कारखाने आले, नाल्याला आज जांभळं पाणी, उद्या हिरवं. रंग पुष्कळ झालेत. नानाकाकांनी पाहायला हवा होता तो नाला. नको, त्यांनी तोही अलगदच पाहिला असता.

आणि शिवण. त्या डगल्यात गोल कापलेलं कुठेच नव्हतं. ताग्याच्या सरळ पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या. धुवायची वेळ आली की शिवण उसवायची, पट्ट्या धुऊन ताणून वाळवायच्या आणि पुन्हा शिवायच्या. "उसवल्यानं काही बिघडत नाही," नानाकाका म्हणत. "कापलं की बिघडतं."

तो डगला त्यांचा नव्हता, हे त्यांनी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. कोबेजवळच्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं तो आपल्या मुलासाठी केला होता. मुलगा लढाईवर निघालेला. त्या वर्षांत तिकडे अस्तरांवर विमानं, तोफा, बोटी काढायची टूम निघाली होती. रेशमावर, पाठीशी, उबेला तोफ. लहान मुलांच्या कपड्यांवरसुद्धा. कोणाच्या डोक्यातून निघत असेल हे, मला ठाऊक नाही, पण मला ती माणसं एकदा भेटायला हवी होती. म्हाताऱ्यानं मात्र हट्टानं मासा काढला, वर चढणारा. मुलगा गणवेश घालून गेला, डगला घरी राहिला. पुढे शहरं जळायला लागली तेव्हा म्हाताऱ्यानं तो नानाकाकांच्या हातात दिला, परदेशी माणसाजवळ टिकेल म्हणून. नंतर म्हाताऱ्याच्या गल्लीची राख झाल्याचं कळलं. तो गेलाच, असं सगळ्यांनी धरलं. आमच्या घरात ही गोष्ट ऐकून डोळे पुसले गेले आणि त्या दिवसापासून डगला नानाकाकांच्या मालकीचा झाला.

आता तो उन्हाळा.

त्या वैशाखात माझ्या नणंदेचं, कुंदाचं लग्न होतं; तिला कल्याणच्या घरात दिली होती. माझे सासरे हयात नव्हते, तेव्हा मांडवात मोठं माणूस म्हणून नानाकाका उभे राहणार. त्यांच्याकडे एकच करडा कोट, तोही उलटवलेला. हल्लीच्या मुलींना उलटवणं म्हणजे काय ते कळत नाही. तेव्हा कापडाचं रेशन होऊन गेलेलं, कोट विटला की शिंप्याकडे द्यायचा, तो सगळी शिवण उसवून आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवायचा. कोट नवा. फक्त छातीवरचा खिसा डावीकडचा उजवीकडे जायचा, आणि त्यावरून भर सभेत कोणाचा कोट उलटवलेला आहे ते ओळखता यायचं.

माईंचा दिरावर फार जीव होता. व्याह्यांसमोर त्यांनी उजव्या खिशानं उभं राहावं हे त्यांना बघवेना. त्यांनी कुणाला न विचारता ट्रंक उघडली आणि डगला शिंप्याकडे नेला. म्हणाल्या, "मास्तर, हा उलटवून द्या. आणि जरा माणसाच्या मापाचा करा."

मास्तरांनी केला. त्यांनी रुंद बाह्या अरुंद केल्या, गळा गोल कापला, खांद्यांशी मुंढे काढले, पुढे बटणं लावली. आमच्या मास्तरांच्या लेखी मुंढ्याशिवायचा कोट म्हणजे गोणपाट.

लग्नाच्या सकाळी माईंनी तो हँगरवर लावून नानाकाकांच्या समोर धरला. धबधबा बाहेर, काळं आत. मासा पाठीवरून वर चढत येत होता आणि उजव्या खांद्याशी येऊन संपत होता. डोकं नव्हतं. तिथे शिवण होती.

नानाकाकांनी डगल्याकडे पाहिलं, मग माईंकडे. माईंचा चेहरा असा फुललेला, की तो माणूस तरी काय बोलणार. त्यांनी हात घातले, बटणं लावली आणि म्हणाले, "अगदी मापात झालाय, वहिनी."

दिवसभर ते त्या बिनडोक्याच्या माशासह मांडवात फिरले. लोक पाठीवर हात फिरवून बघत होते. "नाना, हा तर जपानी चित्रपट," असं कोणीतरी म्हणालं आणि पंगतभर हशा झाला. नानाकाकाही हसले. मी वाढत होते. माझ्या हातून त्या विनोदी गृहस्थांच्या पानात मठ्ठा जरा जास्त, आणि जरा पानाबाहेर, पडला. ते मात्र मी मुद्दाम केलं होतं, आणि आजही पडेल.

लग्न झालं. हळद उतरली. मग कोबेच्या पेढीचा माणूस एका दुपारी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. शेठजी ज्येष्ठात बोटीनं पुन्हा तिकडे दुकान उघडायला निघालेत, नानाकाकांना काही निरोप द्यायचा असेल तर द्यावा. आणि हो, तो रंगारी जिवंत आहे. डोळे गेलेत थोडे. मुलगा काही परत आला नाही.

नानाकाकांच्या हातातली काठी तशीच वर राहिली आणि कावळा खुशाल पापडी घेऊन गेला.

माणूस गेल्यावर मी म्हटलं, "काका, डगला पाठवायचा ना?"

"असा? नको. त्यापेक्षा जळून गेला असं कळलेलं बरं."

"आपण उसवू. पट्ट्या जोडू. तुम्हीच सांगता ना, उसवल्यानं बिघडत नाही म्हणून?"

"कापलाय तो, सुमन. डोकंच नाहीये. राहू दे. वहिनींना यातलं काही बोलू नकोस, त्यांच्या जिवाला लागेल."

बघा. त्यांचं नुकसान, आणि जपायचं वहिनींना. मी आयुष्यात अनेकांवर रागावले, पण त्या दुपारी नानाकाकांवर जितकी रागावले तितकी कुणावरच नाही. ते रागावले असते तर मला रागवावं लागलं नसतं. घरातला सगळा राग माझ्या एकटीच्या अंगावर टाकून ते पापड्यांवरची राख टिपत बसले.

मी सरळ माईंकडे गेले. "मास्तरांनी कापलेले तुकडे कुठे आहेत?"

बाह्यांचे, गळ्याचे तुकडे त्यांच्या गाठोड्यात होते. एवढंसं रेशीमही त्यांनी टाकलं नव्हतं. आणि उजव्या खांद्याचा मोठा तुकडा?

"त्याची कुंची शिवली की. कसा छान डोळा आला होता मधोमध. रुखवतात ठेवली होती, तू पाहिली नाहीस?"

रुखवतात ठेवलेलं सगळं नवरीबरोबर कल्याणला गेलं होतं. कुंदाच्या मोठ्या नणंदेचं बाळ चार महिन्यांचं. माशाचं डोकं त्या बाळाच्या डोक्यावर होतं.

रंगारी जिवंत आहे हे मी माईंना सांगितलं. नानाकाकांनी बजावलेलं मी ऐकलं नाही, याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. त्यांनी गाठोडं माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "पण मी मुलीकडची गं. दिलेलं परत मागायला मी व्याह्यांच्या दारात कशी जाऊ? कुंदाला जन्मभर ऐकावं लागेल."

"तुम्ही नका जाऊ. मी जाते."

"रिकाम्या हातानं?"

मी कपाटातून माझा शालू काढला, पदर पसरला आणि कात्री मागितली. माईंनी कात्री दिली नाही. मी विळीवर कापला. कुंची मीच शिवली, चांगली जरीच्या काठाची. रागात शिवण फार सुबक येते, हे मला त्या दिवशी कळलं.

कल्याणला टांग्यातून उतरले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कुंदाच्या सासूबाईंनी पन्हं दिलं, पंखा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग पदरानं ओठ टिपत म्हणाल्या, "आमच्याकडे रुखवत कोणी मोजून घेत नाही. पण परत मागायला आलेलंही कोणी पाहिलं नव्हतं बाई."

"परत नाही मागत. बदलून मागतेय."

"बाळाच्या डोक्यावरचं उतरवून? तुमच्या डोंबिवलीला चालत असेल."

"आमच्या डोंबिवलीला पुष्कळ चालतं. म्हणून तर तुमची सून एवढी हसतमुख आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं आणि ते निघालं असतं तर कुंदाचं माहेरपण त्याच दिवशी संपलं असतं. तेवढ्यात माजघरातून कुंदाच आली, बाळाला खांद्यावर घेऊन. नवी नवरी, हातभर हिरवा चुडा, नजर खाली. इतकी गरीब दिसत होती की मी ओळखलं, हिच्या मनात काहीतरी शिजतंय.

"सासूबाई," ती म्हणाली, "कुंची तेलानं माखलीय. वन्संनी सकाळीच सांगितलं होतं, धू म्हणून. पण रेशीम आहे, मला जमायचं नाही. वहिनी आलीच आहे तर धुवायला माहेरी पाठवू?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "धुवायलाच ना?"

"धुवायलाच."

"आणि तोवर बाळानं काय घालायचं?"

कुंदानं माझ्या पिशवीकडे पाहिलं. मी शालूची कुंची काढून दिली. सासूबाईंनी जर अंगठ्यानं चोळून पाहिली. "खरी आहे," त्या म्हणाल्या, आणि बाळाच्या हनुवटीखालची गाठ स्वतःच सोडली. त्यांच्या त्या दोन बोटांवर मात्र माझा राग नाही.

मग ते दिवस. वाळवणं डब्यांत भरून झाली होती. रिकाम्या अंगणात आंब्याखाली चटई टाकून मी आणि नानाकाका डगला उसवत बसायचो. मास्तरांची शिवण घट्ट, एकेक टाका उचलावा लागे. माई आतून येत, तुकडे जुळवून देत आणि आत जात. एकदाच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्या दिवशी बोलायचं होतं." नानाकाका म्हणाले, "तुम्ही किती हौसेनं धरला होता, वहिनी." आणि माई तिथेच उभ्याउभ्या रडल्या. माझ्या मनात आलं, हेच जर लग्नाच्या सकाळी झालं असतं, तर माझा शालू तरी वाचला असता.

काळं पुन्हा बाहेर गेलं, पाणी पुन्हा आत आलं. पट्ट्या सरळ झाल्या. कापलेल्या जागी सांधा दिसत होता, पण नानाकाकांनी रेघेला रेघ अशी लावून दिली की पाण्याचा ओघ तुटला नाही. सगळ्यात शेवटी मी कुंची उसवली आणि माशाचं डोकं चटईवर पसरलं.

मधोमध, डोळ्याच्या जरा मागे, तेलाचा मोठा डाग पडला होता. गोल, बाळाच्या टाळूएवढा. राखाडी पाणी तिथे गडद झालं होतं. त्याला खोबरेल आणि वेखंडाचा वास येत होता, आणि त्याखाली तो दुसरा, तान्ह्या डोक्याचाच.

मी म्हटलं, "रिठ्याच्या पाण्यानं निघेल. नाहीतर खडूची पूड दाबून ठेवते, तेल ओढून घेईल. बोटीला अजून अवकाश आहे."

नानाकाकांनी तो तुकडा उचलून नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"नको धुऊस," ते म्हणाले.

"काका, अहो, एवढं सगळं केलं आणि डाग तसाच पाठवायचा? काय म्हणेल तो माणूस?"

"त्यानं हे पोरासाठी केलं होतं. त्याला फार दिसत नाही आता. पण वास येईल." तुकडा माझ्यासमोर ठेवत ते म्हणाले, "एका पोराच्या डोक्यावर राहून आलंय, एवढं त्याला कळू दे."

मला इतका राग आला. कुणाचा ते मला आजही सांगता यायचं नाही. सगळ्यांचाच. तोफा काढणाऱ्यांचा, मास्तरांचा, माझ्यासमोर बसलेल्या त्या अलगद माणसाचा. रागानं मला सुईचं नेढं दिसेना. दोरा ओलवला, पीळ दिला, पुन्हा पुन्हा नेला, तो बाजूनं जात राहिला.

नानाकाकांनी माझ्या हातून सुई घेतली, ओवली आणि परत दिली.